चांदी खरी, पण नाणं?

स. न. वि. वि.

माझ्या सासूबाईंकडे त्यांच्या आईचा पितळी डबा आहे. त्यात १७ जुने चांदीचे रुपये होते, बहुतेक राणीछाप आणि राजाछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा किंवा नंतरच्या इंग्रज राजांचा छाप असलेले. लक्ष्मीपूजनाला ते ताटात मांडायचे आणि भाऊबीज झाली की परत डब्यात ठेवायचे, एवढाच त्यांचा वापर. यंदा दिवाळीच्या आधी माझ्या धाकट्या दिरांना बाजारात दोन माणसं भेटली. घराचा पाया खणताना हंडा सापडला, सरकारला कळलं तर घेऊन जातील म्हणून गुपचूप विकतोय, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी एक रुपया नमुना म्हणून दिला. आमच्या सराफांनी तो बघून चांदी खरी असल्याचं सांगितलं. मग भाऊजींनी ४०० रुपयांना एक याप्रमाणे ३० घेतले. पूजेला सगळे एकाच ताटात मांडले. सराफी पेढीवरून भेट मिळालेले दोन राणीछापही त्यातच ठेवले. पाडव्याला त्यातले चार सराफांना दाखवले तर ते म्हणाले, दोन चांदीचे, दोन नाहीत. आता आजींचे कुठले आणि बाजारातले कुठले, कुणालाच कळेना. त्यात भाऊजींना फोन आला, की १८६२ च्या राणीछापाला तीन लाख मिळतील, आधी फक्त २,१५० रुपये नोंदणी भरा. आमचे हे म्हणतात, सगळे वितळवून टाका. सासूबाई रोज विचारतात, माझ्या आईचे रुपये सापडले का. काय करू? फोटो सोबत पाठवते आहे.

– एक वाचक, फलटण तालुका

ताई,

वितळवू नका. घरच्यांना म्हणावं, आठ दिवस दम धरा. तुमचे फोटो मी भरपूर वेळ बघितले. आजींचे रुपये त्या ताटातच आहेत आणि ते वेगळे काढता येतील. त्यासाठी एक बारीक वजनकाटा, एक भिंग आणि एक मोकळी दुपार लागेल.

आणि दुसरं, कुणालाही नाणी घासू देऊ नका. चिंच, रांगोळी, टूथपेस्ट, भांडी घासायची पावडर, काही म्हणजे काही लावायचं नाही. कारण खाली येईलच.

तुमच्या सराफांनी चुकीचं काही सांगितलेलं नाही. त्यांना विचारलं ‘चांदी आहे का’, त्यांनी तेवढंच सांगितलं. पण तुमच्यापुढे प्रश्न दोन आहेत. धातू चांदीचा आहे का, हा एक. तो रुपया सरकारी टांकसाळीत पडला की कुणाच्या कारखान्यात, हा दुसरा. लोक पहिला प्रश्न विचारतात आणि त्याचं उत्तर दुसऱ्यालाही लावून मोकळे होतात. दिरांचं नेमकं हेच झालं. नमुन्याचा रुपया अस्सल होता म्हणून बाकीचे तीसही अस्सल ठरले. अशा विक्रेत्यांची ही जुनी रीत आहे. हातात एक खरं नाणं ठेवायचं, ते खुशाल तपासून घ्या म्हणायचं, आणि मालाची पिशवी वेगळी द्यायची. गिऱ्हाईक तपासणी करतं, पण विकत न घेतलेल्या नाण्याची.

आता तुमचा तिसरा फोटो मोठा करून बघा. वरच्या ओळीत १८६२ चे पाच रुपये शेजारी शेजारी आहेत. पाचही रुपयांवर राणीच्या हनुवटीच्या मागे, मानेवर, एक तिरकी खोक आहे. तिची लांबी तीच, तिरपेपणा तोच, आणि खालच्या टोकाला तोच बारीक खड्डा. जुना रुपया पन्नास-साठ वर्षं हातोहात फिरलेला असतो. कुठे फरशीवर आपटलेला, कुठे गल्ल्यात घासलेला. त्याच्यावर ओरखडे असणारच, पण प्रत्येकाचे निराळे. पाच रुपयांना एकाच जागी एकच जखम होत नाही. कुणीतरी एक खरा रुपया घेऊन त्याचा साचा काढला आणि रुपयाबरोबर त्याची खोकही साच्यात उतरली. ते पाच आत्ताच बाजूला काढा. मग उरलेल्या १८६२ च्या रुपयांवर भिंगातून तीच खोक शोधा. तीसमधले बरेच असेच निघतील, असा माझा होरा आहे. फसवणारा माणूस सहसा कष्टाळू नसतो, एका साच्यावर सगळा माल काढतो.

आता वजन. ब्रिटिश हिंदुस्थानचा चांदीचा रुपया म्हणजे १८० ग्रेन, आपल्या हिशेबात ११.६६ ग्रॅम. १८३५ ला चौथ्या विल्यमच्या नावाने कंपनी सरकारचा एकसारखा रुपया सुरू झाला, तेव्हापासून १९३९ पर्यंत हे वजन बदललं नाही. चांदीचं प्रमाणही तेच, बारा भागांत अकरा भाग, म्हणजे ९१.७ टक्के. जुना तोळा हाच. आपल्याकडे रुपयाभार वजन म्हणायचे ते याच रुपयाचं. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा खिशातला काटा काही शे रुपयांत मिळतो, तो आणा. स्वयंपाकघरातला काटा याला चालणार नाही.

झिजलेला रुपया थोडा कमी भरेल. १९०६ च्या नाण्यांच्या कायद्यानं दोन टक्क्यांपर्यंतची झीज चालवून घेतली होती, म्हणजे साधारण ११.४३ पर्यंत. गुळगुळीत झालेला रुपया त्याहूनही खाली जाऊ शकतो. तेव्हा ११.३ ते ११.७ च्या दरम्यान भरणारे एका वाटीत ठेवा आणि बाकीचे दुसऱ्या. मात्र वजनाबरोबर झीजही बघा. राणीच्या अंगावरच्या कपड्याची नक्षी जशीच्या तशी शाबूत आहे आणि वजन ११.१ आहे, असं होत नाही. झीज नाही तर वजन गेलं कुठे?

खोटे रुपये बहुतेक जर्मन सिल्व्हरचे असतात. नावात सिल्व्हर आहे, चांदी औषधालाही नाही. तांबं, निकेल आणि जस्त यांचं ते मिश्रण. हा धातू चांदीपेक्षा हलका. त्यामुळे खऱ्या रुपयाच्या मापाचा जर्मन सिल्व्हरचा रुपया पावणेदहा ग्रॅमच्या आसपासच भरतो. वजन गाठायचं तर नाणं जाड करावं लागतं. म्हणून वजनात पास झालेल्या रुपयांचीही एक सोपी परीक्षा घ्या. ज्यांच्याबद्दल शंका नाही असे पाच रुपये एकावर एक रचा. शेजारी शंकेच्या पाचांची चळत लावा. जाडीतला केसाएवढा फरक पाच नाण्यांत मिळून डोळ्यांना दिसतो.

तुम्हाला पेढीवरून भेट मिळालेले दोन राणीछाप काट्यावर लगेच ओळखू येतील. ते बहुधा १० ग्रॅम भरतील, कारण आजचा सराफी तोळा १० ग्रॅमचा. ही नाणी धनत्रयोदशीसाठी नव्यानंच पाडलेली असतात. चांदी अस्सल, कधी कधी जुन्या रुपयापेक्षाही शुद्ध, पण नाणं म्हणून त्यांना अर्थ नाही. पेढीनं फसवलेलं नाही, भेटवस्तू म्हणूनच दिलं होतं. गोंधळ पुढच्या पिढीत होतो. नातवाला डब्यात राणी दिसते आणि तो आनंदानं म्हणतो, दीडशे वर्षं जुना रुपया! तुमच्या सराफांनी ‘चांदीचे’ ठरवलेल्या दोनांपैकी एखादा हाच असेल तर मला नवल वाटणार नाही.

वजन झालं की भिंग. दहापट दाखवणारं, घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं. टांकसाळीत नाणं पाडतात म्हणजे दोन पोलादी ठशांमध्ये धातूची चकती ठेवून प्रचंड दाबानं ठसा उठवतात. त्यामुळे अक्षरांच्या भिंती सरळ उभ्या राहतात, कडा धारदार असतात, आणि मोकळी जागा सपाट, गुळगुळीत असते. साच्यात ओतलेल्या नाण्याचं तसं नसतं. त्याची अक्षरं वापरलेल्या साबणाच्या वडीवरच्या नावासारखी गोलसर, बुळबुळीत दिसतात. मोकळ्या जागेत टाचणीच्या टोकाएवढे खड्डे असतात, धातू निवताना अडकलेल्या हवेचे. राणीच्या मुकुटाची टोकं आणि कपड्यावरची फुलं बघा. खऱ्या झिजलेल्या रुपयावर उंच भाग सपाट झालेला असतो, पण खोलगट भागातली रेघ अजून जिवंत असते. ओतलेल्यावर उंच आणि खोल दोन्ही सारखंच पुसट असतं. हा फरक एकदा डोळ्यात बसला की पुढे भिंगाचीही फारशी गरज लागत नाही.

मग नाणं आडवं धरून कड बघा. खोटं नाणं तिथे बऱ्याचदा उघडं पडतं, कारण कडेकडे कुणी बघत नाही असा बनवणाऱ्याचा समज असतो. खऱ्या रुपयाची कड दातेरी असते आणि दाते सगळीकडे सारख्या अंतरावर, सरळ उभे. साच्याच्या दोन अर्ध्या भागांचा जोड कडेवर येतो, तिथे गोल फिरणारी एक बारीक रेघ राहते. ती कानशीनं घासून काढली असेल तर तेवढ्या जागचे दाते गायब किंवा वाकडे दिसतात. मात्र एका गोष्टीनं फसू नका. डोक्याच्या वर कडेशी डाग किंवा खरवड असलेला रुपया खोटाच असं नाही. हार-माळांसाठी रुपयांना कडी डाखलेली असायची, ती काढल्यावर अशी खूण उरते. नाणं खरं, पण संग्राहक त्याला भाव कमी देतो.

१९४० ते १९४५ च्या रुपयांच्या कडेवर दात्यांच्या मधोमध एक खोल चर फिरलेली दिसली तर ती साच्याची रेघ समजून टाकून देऊ नका. खोटी नाणी रोखण्यासाठी टांकसाळीनंच ती कड आणली होती. तुमच्या पाचव्या फोटोतला १९४४ चा रुपया त्यातला दिसतो. महायुद्धात चांदी टंचाईची झाली, म्हणून या रुपयांत ती निम्म्यावर आणली. ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबं, उरलेलं निकेल आणि जस्त. वजन मात्र तेच, ११.६६. म्हणजे हा रुपया अस्सल आहे, पण सराफांना त्यात खोट दिसणारच. त्यांनी नाकारलेल्या दोनांत हा होता का, तेवढं विचारून घ्या.

तीच गत पाठीवर वाघ असलेल्या १९४७ च्या रुपयाची. तो फोटोत कोपऱ्यात आहे. त्यात चांदी अजिबात नाही, तो शुद्ध निकेलचा, आणि लोहचुंबकाला टक्कन चिकटतो. लोक घाबरतात, की चिकटला म्हणजे खोटा. १९४७ चा रुपया चिकटला नाही तर घाबरायचं. बाकीच्या सगळ्यांना चुंबक लावून बघा, जो चिकटेल तो बाद. न चिकटणारा खरा, असं मात्र उलट म्हणता येत नाही. तांबं, पितळ, शिसं, जर्मन सिल्व्हर यातलं काहीच चिकटत नाही.

आवाजाचंही तसंच. नाणं बोटाच्या टोकावर तोलून धरा आणि दुसऱ्या नाण्याच्या कडेनं हलकेच टिचकी द्या. चांदी बराच वेळ गुणगुणते, शिसं-कथिल थप्प करून गप्प बसतं. ज्याचा आवाज बद्द येतो त्याच्यावर संशय धरा. पण कडी डाखलेला किंवा बारीक तडा गेलेला खरा रुपयाही बद्द बोलतो, आणि जर्मन सिल्व्हर बऱ्यापैकी वाजतं. फरशीवर आपटून वाजवायची जुनी सवय असेल तर ती कृपा करून आवरा, कडेला पोचे पडतात.

एवढं करून दोन-चार रुपये अधांतरी राहतील. त्यांच्यासाठी पाण्याची परीक्षा आहे. मला ही सगळ्यांत आवडते, कारण नाण्याला ओरखडाही न पडता आतपर्यंतचा धातू कळतो. काट्यावर पाण्याचा छोटा पेला ठेवा आणि काटा शून्यावर आणा. रुपयाला शिवणाचा बारीक दोरा बांधा आणि हातानं धरून पूर्ण बुडेल असा पाण्यात सोडा. तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका. बुडबुडे चिकटले असतील तर हलकेच हलवून सोडवा. आता काट्यावर जो आकडा दिसतो तो नाण्यानं बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. ११.६६ च्या जुन्या रुपयाला तो १.१३ च्या आसपास येतो. १९४०-४५ च्या निम्म्या चांदीच्या रुपयाला १.२२. तेवढ्याच वजनाच्या जर्मन सिल्व्हरला १.३५ च्या घरात. झिजलेल्या नाण्याचं कोरडं वजन या आकड्यानं भागून बघा. १९३९ पर्यंतच्या रुपयाचं उत्तर १०.३ च्या जवळपास आलं की धातू बरोबर. हात थरथरतो, म्हणून तीनदा मोजा आणि मधला आकडा धरा.

सराफाकडचं यंत्र, ज्याला सगळे कॅरेटोमीटर म्हणतात, ते चांगलंच आहे. पण ते वरचा पातळ थर वाचतं. चांदीचा मुलामा जाड असेल तर यंत्रही फसू शकतं. पाण्याला मुलाम्यानं फसवता येत नाही. कसोटीच्या दगडावर घासायला किंवा तेजाबाचा थेंब टाकायला मात्र नकार द्या, आणि कानस तर लांबच ठेवायला सांगा. चांदी विकत घेताना हे प्रकार ठीक, पण जुन्या नाण्यावर तो कायमचा डाग राहतो.

धातू झाला. आता दुसरा प्रश्न, नाणं. इथे काटा नको, थोडा इतिहास हवा. १८६२ च्या रुपयावर राणीच्या नावापुढे ‘क्वीन’ असतं. ‘एम्प्रेस’ १८७७ पासून, कारण सम्राज्ञीपदाचा दरबार त्या वर्षी दिल्लीला झाला. १८६२ आणि एम्प्रेस एकाच नाण्यावर असेल तर पुढे बघायचीही गरज नाही. राणीचे रुपये १९०१ ला संपतात. सातव्या एडवर्डचा रुपया १९०३ ते १९१० चा, आणि त्यावरच्या राजाच्या डोक्यावर मुकुट नाही. तो बोडका आहे म्हणून खोटा, असं समजणारे मला भेटले आहेत. पंचम जॉर्जचा १९११ पासून, आणि १९२२ नंतर चलनासाठी त्याचा रुपया पाडला नाही. सहाव्या जॉर्जचा १९३८ पासून. तेव्हा १९१५ ची राणी किंवा १९२७ चा राजा कुणी दाखवला तर हसून सोडून द्या.

भाऊजींच्या मालात एक रामदरबाराचं नाणंही दिसतंय. एका बाजूला राम, लक्ष्मण, सीता, हनुमान, दुसरीकडे ईस्ट इंडिया कंपनी, एक आणा, १८१८. असलं चलनी नाणं कंपनीनं कधी पाडलं नाही. ही देवळाबाहेर विकायची शोभेची चकती आहे. त्यावर १६१६, १७१७, १८३९ असे वाट्टेल ते सन असतात. भक्तिभावानं देव्हाऱ्यात ठेवायला काहीच हरकत नाही. अंगच्या शक्तीनं तांदूळ स्वतःकडे ओढून घेणारं नाणं, अशी थाप मारून हीच कोट्यवधींना विकण्याचे धंदे चालतात, त्यापासून मात्र भाऊजींना दूर ठेवा. एकदा हंड्याला भुललेला माणूस त्यांच्या यादीत पक्का बसतो.

त्या फोनचं तेच. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितलं आहे, की जुन्या नाण्या-नोटांच्या व्यवहाराशी तिचा संबंध नाही, त्यासाठी ती शुल्क किंवा कमिशन घेत नाही आणि तिच्या नावानं ते घ्यायचा अधिकार तिनं कुणाला दिलेला नाही. ज्याला नाणं विकत घ्यायचंय तो पैसे देतो, मागत नाही. २,१५० भरले की मग जीएसटी, मग विमा, असं शेपूट वाढत जातं. आणि १८६२ च्या राणीछापाचं म्हणाल तर नाण्यांवरचा सन पुढे बारा वर्षं बदललाच नाही. १८७४ पर्यंत १८६२ हाच आकडा घालून रुपये पडत राहिले. त्यामुळे तो उदंड सापडतो. त्यातले काही प्रकार संग्राहक जास्त पैसे देऊन घेतात हे खरं, पण साधा झिजलेला रुपया चांदीच्या भावापेक्षा थोडा वर जातो, एवढंच. १९१७-१८ चे राजाछापही कोट्यवधी निघाले होते.

फोटोत लक्ष वेधून घेणारं एकच नाणं आहे, १९११ चा राजाछाप. राजाच्या झग्यावरच्या साखळीत एक हत्ती आहे. त्या वर्षीच्या ठशात त्याची सोंड इतकी तोकडी आली की लोकांना ते डुक्कर वाटलं, आणि हिंदू-मुसलमान दोघेही भडकले. टांकसाळीत पडलेले बहुतेक रुपये वितळवले गेले, थोडे बाहेर राहिले. १९१२ ला हत्तीला नीट सोंड मिळाली. म्हणून १९११ ला मागणी आहे, आणि मागणी आहे म्हणून नकलाही भरपूर आहेत. १९१२ च्या दोनाचा एक करून फसवणारेही असतात. म्हणून आकड्याइतकंच हत्तीकडे बघा, आणि शेवटच्या आकड्याभोवती खरवडल्याच्या खुणा शोधा. असाच खेळ १९३८ च्या आठाचा नऊ करून खेळतात, कारण १९३९ चा रुपया अतिशय दुर्मीळ. कुणी तो स्वस्तात देऊ केला तर घेऊच नका.

आजींचे रुपये ओळखायची एक खूण फक्त तुमच्याच घरात चालणारी आहे. हे रुपये किती दिवाळ्या हळद-कुंकवात बसले असतील! अक्षरांच्या फटीत, मुकुटाच्या कोपऱ्यात जुनं कुंकू काळपट तपकिरी होऊन दगडासारखं बसलेलं असतं. यंदाचं कुंकू सगळ्याच रुपयांवर आहे, पण ते ताजं, लालभडक, बोटाला लागणारं. जुना थर बोटानं निघत नाही. त्याच्याखालचा काळेपणाही बघा. खऱ्या जुन्या चांदीचा काळा रंग खोलगट जागी दाट आणि उंचवट्यावर फिका असतो. मुद्दाम काळवंडलेल्या नाण्यावर तो सगळीकडे एकसारखा फासलेला दिसतो आणि कापसाला उतरतो. घासू नका म्हटलं ते यासाठी. एकदा पावडरनं चकचकीत केलं की ही साक्ष गेली, आणि संग्राहकाच्या लेखी निम्मी किंमतही गेली.

एक गोष्ट मात्र आधी बोलून ठेवतो. मोजणीत आजींचे सतराच्या सतरा अस्सल निघतील असं धरू नका. खोटे रुपये इंग्रजांच्या काळातही पाडले जायचे, पितळेवर मुलामा देऊन. त्यातला एखादा तेव्हाच डब्यात आला असेल. सासूबाईंना तो खोटा म्हणून वेगळा काढून देऊ नका. त्यांच्या आईनं तो खरा समजून जपला, त्यांच्याकडे तसाच राहू द्या.

हंड्याच्या गोष्टीबद्दल. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत पुरलेला, दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर कलेक्टरला कळवावं लागतं. म्हणजे त्या दोघांची गोष्ट खरी असती तर भाऊजींनी न कळवलेला ठेवा विकत घेतला असं झालं असतं. ती खोटी होती म्हणून १२,००० रुपयांवर निभावलं. लाज वाटत असेल तरी पोलिसांत तक्रार द्या. तीच माणसं पुढच्या बाजारात दुसऱ्याला नमुना दाखवत असतील. खोटे रुपये पुरावा म्हणून वेगळ्या पाकिटात ठेवा. ‘निदान निम्मे तरी सुटतील’ म्हणून ते पुढे कुणाला खपवायचे नाहीत. तीही फसवणूकच, आणि त्या वेळी करणारे आपण असू.

अस्सल ठरलेले विकायचे असतील तर आधी चांदीचा हिशेब करा. १९३९ पर्यंतच्या पूर्ण वजनाच्या रुपयात १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी आहे, १९४०-४५ च्या रुपयात ५.८३. त्या दिवसाच्या भावानं गुणलं की त्याखाली कुणाला द्यायचं नाही हे कळतं. वरची किंमत सराफ देणार नाही, संग्राहक देईल. पुण्या-मुंबईत नाणी जमवणाऱ्या संस्थांची प्रदर्शनं दरवर्षी भरतात. तिथे चार टेबलांवर एकच नाणं दाखवा, भाव आपोआप कळतो. डोळा तयार करायचा असेल तर मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय आहे, आणि नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे. अस्सल नाणी तासभर बघितल्यावर नकली नाणं हातात घेतलं की खटकतं. शंभर वर्षांपेक्षा जुनी नाणी मात्र परदेशातल्या नातेवाइकांना भेट म्हणून पाठवू नका. परवान्याशिवाय ती देशाबाहेर नेता येत नाहीत.

ठेवायचे असतील तर एकेक बटर पेपरात गुंडाळून त्याच पितळी डब्यात ठेवा. रबर लावू नका, त्यातल्या गंधकानं काळा पट्टा उठतो. फोटोत मऊ प्लॅस्टिकचे अल्बम दिसले, तेही नकोत, वर्ष-दोन वर्षांत नाण्यावर हिरवा चिकटा धरतो.

मोजणी सुरू करताना १९११ चा रुपया सगळ्यात आधी घ्या. त्याचं कोरडं वजन, पाण्यातला आकडा आणि झग्यावरच्या हत्तीचा भिंगातून काढलेला फोटो, एवढं मला पाठवा. तोवर तो कुणाला दाखवू नका, आणि भाऊजींच्या हाती तर मुळीच देऊ नका.